ट्रस्टच्या कार्यकारिणीत बायका आणायच्या आहेत? आधी प्रोसिडिंग बुक उघडा

एका संस्थेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांची हजेरी आणि ठराव लिहायची वही, चाळत बसले होते. कार्यकारिणीत नऊ जण, त्यांत दोन बायका. हातात पेन्सिल होती, म्हणून प्रत्येक ठरावाखाली सूचक कोण आणि अनुमोदक कोण यावर खुणा करत गेले. सूचक म्हणून बाईचं नाव सापडलं ते शोकप्रस्तावाला, दहावीच्या निकालाच्या अभिनंदनाला आणि सभेच्या शेवटी आभाराला. बांधकाम, ठेवी, नेमणुका यांतल्या एकाही ठरावाला नाही. हजेरीच्या पानावर मात्र दोघींच्या सह्या प्रत्येक सभेला. त्यातल्या एकींना मी नंतर विचारलं, "तुमची एकही सभा चुकलेली दिसत नाही?" त्या हसल्या. "अहो, वही घरी येते. मी सही करते."

ही संस्था वाईट नव्हती. हिशेब चोख होते, काम खरं होतं. कुणी विचारलं तर अध्यक्ष अभिमानाने सांगत, "आमच्याकडे दोन महिला विश्वस्त आहेत."

संस्थांची कागदपत्रं लावण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक पक्कं कळलं. बाईचं नाव शेड्युल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, चढवणं हा या कामातला सोपा भाग आहे. निर्णय कुठे, कधी आणि कुणाच्या सहीने होतो ही जागा हलवल्याशिवाय त्या नावाला अर्थ येत नाही. म्हणून या लेखात नाव चढवण्याची रीत आहेच, पण जास्त भर आहे तो जागा हलवण्यावर.

पहिलं काम: आहे ते मोजा

डोकी मोजून थांबू नका. मागच्या तीन वर्षांची प्रोसिडिंग बुकं घ्या आणि कागदावर चार रकाने आखा: सभेला प्रत्यक्ष हजर कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, विषय कोणता. विषयांचे दोन गट पाडा. पैसा, जागा, नेमणुका आणि कोर्टकचेरी एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे. मग बँकेत सही कुणाकुणाची चालते ते पाहा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार या पदांवर आजवर कोण बसलं, तेही पाटीवरून उतरवून घ्या. दुपारभराचं काम आहे. हा कागद जपून ठेवा, वर्षाने लागणार आहे.

पैशाचा गट वेगळा का काढायचा? अमेरिकेत फ्रान्सी ऑस्ट्रोवर या संशोधक बाईंनी अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेसाठी तिथल्या पाच हजारांहून जास्त ना-नफा संस्थांच्या कारभाराची पाहणी केली. २००७ साली तिचा अहवाल आला. मंडळांवर बायकांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के निघालं. वाचून वाटतं, झालं की काम! पण वर्षाला चार कोटी डॉलरहून जास्त खर्च करणाऱ्या संस्था वेगळ्या काढल्या, तेव्हा तोच आकडा २९ टक्क्यांवर आला. तिजोरी मोठी होत गेली तशा खुर्चीवरच्या बायका कमी होत गेल्या. आपल्याकडे हे पाहायला संस्थांची तुलनाही करावी लागत नाही. एकाच संस्थेत बालवाडीच्या समितीपासून बांधकाम समितीपर्यंत चालत गेलं की तोच उतार लागतो.

त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट मी अध्यक्षांना मुद्दाम सांगते. नवा सभासद घेताना 'तो आपल्या ओळखीतला आहे ना' याला ज्या संस्था महत्त्व देत होत्या, त्यांची मंडळं देखरेखीपासून धोरण ठरवण्यापर्यंत बहुतेक कामांत कमी सक्रिय दिसली. आपल्याकडच्या महिला विश्वस्तांपैकी किती जणी कुणाच्या तरी सौ., वहिनी किंवा सूनबाई म्हणून आल्या आहेत, ते मनातल्या मनात मोजून पाहा.

दुसरं: किती बायका हव्यात ते ठरवा

अमेरिकी अभ्यासक रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ साली मांडलेला एक मुद्दा आजही उपयोगी आहे. एखाद्या गटात कुणाचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आत असेल तर ती व्यक्ती 'व्यक्ती' राहत नाही, आपल्या जातकुळीचा नमुना होते. ती चुकली तर 'बायका अशाच' आणि चमकली तर 'बाई असूनही'. पुढे २००८ मध्ये ॲलिसन कॉनराड, विकी क्रेमर आणि सुमरू एर्कुट यांनी मोठ्या अमेरिकी कंपन्यांतल्या महिला संचालकांशी बोलून लिहिलं, की मंडळावर तीन बायका झाल्या की चित्र बदलतं. बाईचं मत म्हणून नाही, सभासदाचं मत म्हणून ते ऐकलं जातं.

नऊ जणांच्या कार्यकारिणीत एक म्हणजे ११ टक्के. दोन म्हणजे २२. तीन म्हणजे एक तृतीयांश. तेव्हा लहान-मोठी कशीही संस्था असो, तीनच्या खाली थांबू नका.

"बायका आल्या की संस्थेची भरभराट होते" असं भाषण मात्र ठोकू नका. रेने ॲडम्स आणि डॅनिएल फरेरा यांनी २००९ साली अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास छापला. महिला संचालकांची सभेतली हजेरी पुरुषांपेक्षा चांगली होती, आणि त्या असल्या की पुरुषांचीही हजेरी सुधारत होती. देखरेख कडक झाली. पण कंपनीच्या कामगिरीवरचा सरासरी परिणाम उणे निघाला, कारण जिथे देखरेख आधीच पुरेशी होती तिथे ती जास्त झाली. ज्या संस्थेत वही घरोघरी सहीला फिरते, तिथे देखरेख जास्त झाल्याची काळजी करायचं अर्थातच कारण नाही.

आपल्या देशातला पुरावा ग्रामपंचायतींचा आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थेर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानात पाहिलं, की सरपंचपद बाईसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. हा अभ्यास २००४ चा. खुर्चीवर कोण बसतं यावर पैसा कुठे जातो ते ठरतं, हे त्यातून नीट दिसतं.

तिसरं: घटना बाहेर काढा

महाराष्ट्रात बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. त्यांचा एफ नंबर, म्हणजे ट्रस्ट म्हणून नोंदणीचा क्रमांक, असतो आणि नियमावली म्हणजेच घटना असते. ती कपाटात नसेल तर धर्मादाय कार्यालयातून नक्कल काढा. मी पाहिलेल्या निम्म्या भांडणांचं मूळ एकच आहे. अध्यक्षांकडची घटना आणि कार्यालयात नोंदलेली घटना वेगळी.

विश्वस्त मंडळात बाई असलीच पाहिजे अशी सक्ती हा १९५० चा कायदा करत नाही. गंमत अशी, की याच विश्वस्तांच्या गावातल्या पतसंस्थेला ती सक्ती आहे. सहकार कायद्याच्या कलम ७३-क प्रमाणे समितीत दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. ग्रामपंचायतीत तर २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत. एकच माणूस सकाळी पतसंस्थेत बायकांच्या शेजारी बसतो आणि संध्याकाळी ट्रस्टच्या सभेत "बायकांना वेळ कुठे असतो" म्हणतो.

सक्ती नाही म्हणजे नियम आपणच करायचा. कार्यकारिणीचा ठराव पुरत नाही. पुढची कार्यकारिणी तो गुंडाळून ठेवू शकते. नियमावलीत दुरुस्ती करा, ती घटनेतच दिलेल्या पद्धतीने आणि तिथे लिहिलेल्या बहुमताने सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या, मग तिची नोंद करून घ्या. निव्वळ ट्रस्ट असेल आणि ट्रस्टडीडमध्ये, म्हणजे स्थापनेच्या दस्तात, दुरुस्तीची सोयच नसेल, तर कलम ५०-अ खाली योजना, म्हणजे कारभाराची नियमावली, करून किंवा दुरुस्त करून घेण्याचा रस्ता आहे. तिथे वकील लागेल.

कलमाचा मसुदा मी असा देते:

"कार्यकारिणीतील एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश, परंतु तीनपेक्षा कमी नाही, इतक्या जागांवर महिला सभासद असतील. विद्यमान पदाधिकाऱ्यांचे पती, पत्नी, आई-वडील, मुले, सुना, जावई व सख्खी भावंडे यांची निवड या जागांवर करता येणार नाही. अध्यक्ष, सचिव व खजिनदार या तीन पदांपैकी किमान एका पदावर महिला असेल."

मधल्या वाक्यावर वाद होतो. होऊ द्या. कुठल्या खुर्चीवर कुणाची सून बसवायची ते आधीच ठरलं होतं, हे त्या वादातच कळतं. आजोबांच्या नावाने काढलेल्या कौटुंबिक ट्रस्टला मात्र हे वाक्य चालणार नाही. तिथे बाहेरची एक तरी बाई आणि घरातल्या बाईला एक तरी पद, एवढ्यावर समाधान माना.

चौथं: शोध कसा घ्यायचा

"लायक बाई मिळत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी उलट विचारते, लायक म्हणजे काय ते लिहून द्या. कागदावर उतरवलं की यादी लहान होते: हिशेब कळणारी एक, सरकारी कार्यालयात न घाबरता जाणारी एक, ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातली एक.

हिशेबासाठी बँकेतून किंवा पोस्टातून निवृत्त झालेल्या बायका पाहा. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, लोकसंचालित साधन केंद्रांत वर्षानुवर्षं बचत गटांची खाती सांभाळलेल्या बायका आहेत. तालुक्याला विचारलंत तर दहा नावं मिळतील. सरकारी कार्यालयाचा सराव हवा असेल तर माजी सरपंच शोधा. पन्नास टक्के आरक्षणामुळे प्रत्येक तालुक्यात त्या आहेत, आणि ग्रामसभेत उभं राहून शिव्या खाल्लेल्या बाईला तुमच्या कार्यकारिणीची भीती वाटत नाही. तिसरीसाठी आपल्याच लाभार्थ्यांकडे बघा. वसतिगृह चालवता ना? मग तिथे शिकून गेलेली, आज पस्तिशीची झालेली मुलगी कुठे आहे?

भेटायला गेलात की हारतुरे नकोत. सभा वर्षातून किती, कुठे, किती वाजता, जबाबदारी कोणती, हे सरळ सांगा. मागच्या वर्षीचा ताळेबंद हातात द्या. तो वाचून तिने प्रश्न विचारला तर माणूस बरोबर निवडलात असं समजा.

पाचवं: चेंज रिपोर्ट

निवड झाली की बदल अहवाल, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. सोबत सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरीची व ठरावाची नक्कल, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, आणि जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. हे सगळ्यांनाच लागतं. पण बाईचं नाव असलं की एक खास अडचण येते, आणि तिच्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

नाव. ठरावात लिहिलेलं असतं 'सौ. सुनंदाताई पाटील'. आधारवर सुनंदा बाळासाहेब पाटील. पॅनकार्डावर माहेरचं, सुनंदा शंकर जाधव. बँकेत तिसरंच काहीतरी. मग बँक, दर्पण पोर्टल (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) आणि परदेशी देणग्यांची परवानगी असेल तर गृहमंत्रालयाचं पोर्टल, तिन्हीकडे अर्ज अडतो. सचिव कंटाळून म्हणतो, "जाऊ दे, तुमच्या मिस्टरांचंच नाव टाकू." माझ्या डोळ्यांसमोर हे झालेलं आहे. म्हणून ठराव लिहिण्याआधी तिची कागदपत्रं समोर मांडा. नावांत फरक असेल तर पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या, आणि जुन्या नावासाठी प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद काढून ठेवा. ठरावात 'सौ.' नको, 'ताई' नको. आधारवर आहे तसं पूर्ण नाव.

दुसरी गोष्ट, व्यवसायाचा रकाना. कारकून न विचारता 'गृहिणी' लिहितो. जी बाई पहाटेपासून द्राक्षबागेत असते तिच्यापुढे 'शेती' लिहा. शिवणकामाचं दुकान असेल तर 'व्यवसाय'. ही नोंद पुढे अनेक वर्षं नकलांमधून फिरत राहते.

सहावं: सभा हलवा

इथे सगळ्यात जास्त काम आहे आणि खर्च अगदी थोडा.

आमच्या भागात सभा रात्री आठला असते. नोकरी-दुकान आटोपून पुरुष येतात, साडेदहाला उठतात, पुढे कोपऱ्यावर अर्धा तास उभे राहतात. बाईला रात्री साडेदहाला दहा किलोमीटर परत जायचं असतं. शनिवारी दुपारी तीनला सभा घ्या. प्रवासखर्च प्रत्यक्षाप्रमाणे सगळ्यांनाच द्या, फक्त बायकांना नाही. नाहीतर ती भीक वाटते. लहान मूल असेल तर ते सभेत खेळू द्या. अध्यक्षांचा मोबाइल त्याहून जास्त व्यत्यय आणतो.

नोटीस घटनेत लिहिल्याप्रमाणे वेळेत आणि सोबत कागदपत्रांसह पाठवा. मग विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीकडे पाहा: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. मोठे निर्णय या दारातून आत शिरतात. सगळं आदल्या रात्री कुणाच्या तरी ओट्यावर ठरलेलं असतं. ज्या बाईला ओट्यावर बोलावलं नव्हतं तिला सभेत पहिल्यांदा कळतं, आणि विचार करायला दोन मिनिटंही मिळत नाहीत. एक साधा नियम करा: पैसा, जागा आणि नेमणूक यांचा कोणताही विषय आयत्या वेळी घेतला जाणार नाही. एवढ्या एका ओळीने जे होतं ते दहा प्रशिक्षणांनी होत नाही.

हजेरीची सही सभेच्या जागी, सभा सुरू होण्याआधी. वही कुणाच्याही घरी जाणार नाही. बोलण्याचा क्रम उलटा ठेवा, सगळ्यात नव्या सभासदाने आधी आणि अध्यक्षांनी शेवटी. अध्यक्ष आधी बोलले की पुढचे सगळे "अध्यक्षांनी म्हटल्याप्रमाणे" पासून सुरुवात करतात. आणि चहा कोण देणार? हा प्रश्न फालतू वाटतो, पण महिला विश्वस्त उठून कप गोळा करू लागल्या की सभेत त्यांची जागा ठरून जाते. शिपाई नसेल तर पाळी लावा.

सातवं: पहिलं वर्ष

नव्या बाईंना 'महिला विभाग' देऊ नका. हळदीकुंकू आणि आठ मार्चचा कार्यक्रमही नको. खजिनदारपद द्या, किंवा बांधकाम समिती. ते जमत नसेल तर किमान बँकेत तिसरी सही.

त्याआधी दोन तास संस्थेच्या हिशेबनिसाबरोबर बसवा. ट्रस्टचा ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये असतो, उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट ९ मध्ये. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवायचे आणि बोट ठेवत जायचं. ठेवी वाढल्या की कमी झाल्या? कमी झाल्या तर पैसे कुठे गेले, आणि त्याचा ठराव आहे का? 'उचल' किंवा 'ॲडव्हान्स' या नावाखाली कुणाकडे किती पैसे पडून आहेत आणि कधीपासून? या तीन प्रश्नांत निम्मा कारभार कळतो. पुरुष विश्वस्तांनाही बसवा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी परिशिष्ट ८ कधी उघडलेलं नसतं, फक्त ते कबूल करत नाहीत.

नव्या बाईंना कायद्याची बाजूही सांगा, घाबरवायला नाही. मी वाचलं नव्हतं, सांगितलं तिथे सही केली, हा बचाव विश्वस्ताला वाचवत नाही. गैरकारभार सिद्ध झाला तर कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. संस्थेची जमीन विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. सहीपुरत्या ठेवलेल्या बायका याच दोन ठिकाणी अडकतात.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य संस्थेबाहेरचा. नाही केली तर ५० हजारांपर्यंत दंड. समितीचा वार्षिक अहवाल कार्यकारिणीपुढे ठेवा, सगळ्यांपुढे. 'बायकांचं प्रकरण' म्हणून तो एकट्या महिला विश्वस्तांच्या गळ्यात घालायचा नाही.

वर्षाने पुन्हा तो कागद

पहिल्या दुपारी आखलेले चार रकाने काढा आणि याच वर्षाच्या ठरावांवर परत पेन्सिल फिरवा. बाईचं नाव सूचक म्हणून पैशाच्या गटात आलं का? विरोधाची नोंद कुठे आहे का? विरोध असणं वाईट नाही. तीन बायका येऊनही वर्षभरात प्रत्येक ठराव 'सर्वानुमते' असेल तर ओटा अजून चालू आहे असं समजा आणि आयत्या वेळच्या विषयांकडे परत जा.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या संस्थेत आता खजिनदार बाई आहेत, निवृत्त पोस्टमास्तर. मागच्या पावसाळ्यात ठेकेदाराचा चेक सहीला त्यांच्या घरी आला. सोबत बिल नव्हतं. त्यांनी चेक परत पाठवला आणि पाकिटावर पेनाने लिहिलं, "बिल जोडा. आणि पुढच्या वेळी ऑफिसात बोलवा, मी येते." सचिवांनी मला फोन करून तक्रार केली. बिल जोडायला त्यांना चार दिवस लागले, कारण ठेकेदाराने ते केलंच नव्हतं.